आरटीओत ‘कचऱ्याचं परमिट’ मिळत नाही: भंगार, रद्दी आणि कचरा हायवेवरून नेताना लागणारे कागद

“कचरा वाहतुकीचं परमिट काढून द्या,” म्हणत कुणी आलं की मी आधी चहा मागवतो. कारण असं परमिटच नसतं. आरटीओ परमिट देतं ते गाडीला. हौद्यात लोखंड आहे, कांदे आहेत की उकिरडा, याच्याशी त्या कागदाला देणंघेणं नसतं. मालाचे कागद निराळे आणि ते देणारी खातीही निराळी: जीएसटी, प्रदूषण नियंत्रण मंडळ, कधी महापालिका. म्हणून मी प्रत्येक गाडीच्या दोन फायली ठेवतो. गाडीची फाइल वर्षातून तीन-चारदा उघडते. मालाची फाइल दर खेपेला नवी लागते, आणि माझ्या अनुभवात मोठा भुर्दंड बसला तो बहुतेक वेळा या दुसऱ्या फायलीपायी.

भोसरी-चाकण पट्ट्यातून सुटणाऱ्या गाड्यांचे कागद मी पाहतो. जालन्याच्या भट्ट्यांकडे लोखंड जातं, वापीच्या कागद कारखान्यांकडे पुठ्ठा, मालेगावला पाइप बनवणाऱ्यांकडे प्लॅस्टिक, तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या नि कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे आरडीएफ, म्हणजे कचऱ्यातून निवडलेला जळाऊ भाग. नव्या गाडीमालकाला ज्या क्रमाने समजावतो, त्याच क्रमाने इथे लिहितोय.

१. गाडीआधी माल ओळखा

सगळे इथेच चुकतात. गोडाऊनमध्ये सगळ्याला ‘भंगार’ म्हणतात, पण कायद्याच्या लेखी त्याचे निदान तीन प्रकार होतात.

पहिला, विकाऊ भंगार: लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम, रद्दी, पुठ्ठा, स्वच्छ प्लॅस्टिक, काच. याला किंमत आहे, याच्यावर जीएसटी आहे, म्हणून याचे कागद साध्या व्यापारी मालासारखेच. दुसरा, गावाचा-शहराचा घनकचरा: ओला, सुका, आरडीएफ. हा माल बहुधा विकला जात नाही. तो उचलून नेण्याचे पैसे महापालिका देते. त्यामुळे इथे बिलापेक्षा कार्यादेश महत्त्वाचा. तिसरा, घातक कचरा. यात गाडी अडकली की प्रकरण चलानावर मिटत नाही.

तिसरा प्रकार पहिल्याच्या वेषात येतो, हे लक्षात ठेवा. एकदा आमच्याकडे ‘प्लॅस्टिक भंगार’ म्हणून एका कारखान्यातून निळे ड्रम भरायला सांगितलं होतं. ड्रायव्हर शहाणा, त्याने एका ड्रमचं झाकण उघडून वास घेतला आणि मला फोन केला. रसायनाचे रिकामे, न धुतलेले ड्रम हे २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांच्या अनुसूची १ मध्ये ३३.१ क्रमांकावर नावानिशी आहेत. त्याच यादीत ५.१ वर वापरलेलं तेल आहे. ड्रम रिकामा असला तरी तो घातक कचराच. आम्ही गाडी तशीच परत आणली. भाडं बुडालं, पण त्याची हळहळ नाही.

जुन्या बॅटऱ्यांना २०२२ चे बॅटरी कचरा नियम लागतात, तर ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून नव्याने लागू झालेत. दोन्हीकडे माल घेणारा नोंदणीकृत पुनर्वापरकर्ता हवा. त्याच्या नोंदणीची प्रत मागितल्याशिवाय गाडी लावू नका. दवाखान्याच्या कचऱ्याला तर हातच लावायचा नाही. तो सामाईक प्रक्रिया केंद्राच्या अधिकृत, जीपीएस लावलेल्या गाडीतूनच बारकोडच्या पिशव्यांत जातो. साध्या भंगारात चार सलाइनच्या नळ्या जरी सापडल्या, तरी सगळी गाडी संशयात येते. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातला दवाखान्यांचा कचरा तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या गावांत टाकलेला सापडला. हरित न्यायाधिकरणाने दट्ट्या लावल्यावर केरळला तो ट्रक पाठवून परत न्यावा लागला. तेव्हापासून राज्याच्या सीमेवर झाकलेली, वास मारणारी गाडी दिसली की पोलिसांची नजर वेगळी असते.

आणखी एक जात आहे, जिची नोंद प्रदूषण मंडळाच्या यादीत नाही: चोरीचा संशय येईल असा माल. रेल्वेचे रूळ, फिशप्लेट (रूळ जोडणाऱ्या पट्ट्या), रेल्वेची खूण असलेलं काहीही गाडीत असेल तर लिलावाचा नि डिलिव्हरीचा कागद सोबत हवाच. १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्यात असा माल कुठून आला हे ज्याच्या ताब्यात तो सापडला त्यालाच सांगावं लागतं, आणि हायवेवर तो ड्रायव्हरच्या ताब्यात असतो. विजेच्या तारा, मोबाइल टॉवरचं साहित्य, मोडलेल्या गाड्यांचे सुटे भाग यांचंही तसंच. बिल कुणाचं हे पाहिल्याशिवाय फाळका लावू नका.

२. तुमच्या गाडीला परमिट लागतं का?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ६६: मालवाहू गाडीला परमिट हवं. पण त्याच कलमाच्या पोटात काही सुटी आहेत आणि कचरा-भंगारवाल्यांना त्या बऱ्याच कामाच्या आहेत.

भारासकट एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. गल्लीत फिरणारे छोटे हत्ती यात बसतात. पण ‘पिकअप म्हणजे छोटी गाडी’ असं धरून चालू नका. मोठ्या पिकअपचं एकूण वजन सहज तीन टनांच्या वर जातं. आरसीवरचा आकडा वाचा, गाडीच्या आकारावर जाऊ नका. बॅटरीवर चालणाऱ्या मालवाहू गाड्यांना ऑक्टोबर २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने परमिटमधून वगळलंय, त्यामुळे नव्या इलेक्ट्रिक घंटागाड्यांना तो प्रश्न उरलेला नाही.

तिसरी सूट खास कचऱ्याची. महापालिका, नगरपालिका किंवा इतर स्थानिक संस्थेच्या मालकीची, किंवा तिच्याशी करार केलेल्या ठेकेदाराची गाडी फक्त रस्तासफाई, पाणी मारणं किंवा साफसफाई-कचरा उचलण्यासाठी वापरली जात असेल, तर तिला परमिट लागत नाही. यातला ‘फक्त’ हा शब्द लाल पेनाने अधोरेखित करा. ठेकेदाराचा टिपर सकाळी कचरा डेपोवर खाली झाला आणि येताना एखाद्या दुकानाचं भंगार पाचशे रुपयांत घेऊन आला, तर त्या फेरीपुरती तो विनापरमिट मालवाहतूक करतोय. कलम १९२अ खाली दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. त्यात अपघात झाला तर त्याहून वाईट: परमिट नसणं हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलंय. कंपनी जखमीला भरपाई देते आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करते.

सूट मिळाली ती परमिटची. फिटनेस, विमा, पीयूसी यांतून सूट नाही. ठेकेदारांच्या काही गाड्या पाहून हे मुद्दाम लिहावंसं वाटलं.

३. महाराष्ट्रापुरतं परमिट की नॅशनल?

गाडी भोसरीहून जालन्याला जाणार असेल तर राज्याचं माल वाहतूक परमिट पुरेसं. वापी, निपाणी, हैदराबाद असं काही असेल तर नॅशनल परमिट. मुदत पाच वर्षं, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या निदान १५ दिवस आधी.

नॅशनल परमिटमध्ये दोन तारखा असतात आणि लोक त्यातली एकच पाहतात. परमिट पाच वर्षांचं, पण त्याला जोडलेलं अधिकारपत्र, म्हणजे फॉर्म ४७, एका वर्षाचं. दर वर्षी १६,५०० रुपये एकत्रित शुल्क आणि १,००० रुपये अधिकारपत्राचे भरून ते पुन्हा काढावं लागतं. २०१२ पासून हीच पद्धत आहे. हे भरलं की दुसऱ्या राज्याच्या हद्दीवर वेगळा कर भरत बसावं लागत नाही. परमिट चालू पण अधिकारपत्र संपलेलं, अशा अवस्थेत गाडी राज्याबाहेर गेली तर ती तिथे विनापरमिटच.

वयाचीही अट आहे: साध्या ट्रकला बारा वर्षांनंतर नॅशनल परमिट नाही, मल्टी-ॲक्सलला, म्हणजे दोनपेक्षा जास्त आसांच्या गाडीला, पंधरा. भंगाराच्या धंद्यात जुन्या गाड्या स्वस्त मिळतात म्हणून घेतल्या जातात. घेण्याआधी ही अट आठवा. बारा वर्षांची सहाचाकी घेतली तर ती आयुष्यभर महाराष्ट्रातच फिरणार.

अर्ज परिवहन संकेतस्थळावर, वाहन सेवेत गाडीचा नंबर टाकून करायचा. आरसीला जोडलेला मोबाइल चालू हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी, कर भरल्याची नोंद हे सगळं आधीच प्रणालीत दिसत असतं. त्यातलं एक जरी लाल दाखवत असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. थकलेली ई-चलानंही आड येतात, ती आधी निपटवा. नॅशनल परमिटचा अर्ज फॉर्म ४८, अधिकारपत्राचा फॉर्म ४६. एकाच खेपेपुरती गरज असेल तर कलम ८७ चं तात्पुरतं परमिट मिळतं. त्याची कमाल मुदत चार महिने.

गाडी विकत घेतली म्हणून परमिट आपोआप तुमचं होत नाही, ते परवानगीने नावावर करून घ्यावं लागतं. मालक वारला तर वारसाला तीन महिने ते परमिट वापरता येतं, पण ३० दिवसांत कळवलं तरच. दुःखाच्या दिवसांत हे कुणाच्या लक्षात राहत नाही. घरातल्या एखाद्या धाकट्याला आत्ताच सांगून ठेवा.

४. गाडीच्या फायलीतलं बाकीचं

फिटनेस: गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दर वर्षी. फास्टॅग, वेग नियंत्रक, परावर्तक पट्ट्या या गोष्टी फिटनेसच्या वेळी पाहतातच. नॅशनल परमिटच्या गाडीवर ‘नॅशनल परमिट’ असं पुढे-मागे रंगवलेलं हवं.

ड्रायव्हरचं लायसन्स हा अर्धवट माहितीचा विषय आहे. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे कायम केलंय. त्याच्या वर जड वाहनाचं. घातक माल न्यायचा असेल तर ड्रायव्हरने तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर तशी नोंद करून घ्यायची. ही नोंद तीन वर्षं टिकते.

मग हौदा. प्लॅस्टिक आणि पुठ्ठा हलका असतो, म्हणून भंगारवाले हौद्यावर फळ्या किंवा जाळी ठोकून तो दोन-तीन फूट उंच करतात. आरसीवर जो हौदा नोंदवलाय त्यापेक्षा वेगळा केला तर तो बेकायदा बदल. मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा कैद होऊ शकते. उंच हौदा हवाच असेल तर आरटीओची परवानगी घेऊन आरसीत नोंदवून घ्या, मग बेलाशक चालवा.

५. मालाची फाइल: बिल, ई-वे बिल, बिल्टी, काटा पावती

विकाऊ भंगाराला कर-बिल लागतंच. ई-वे बिल म्हणजे माल हलवण्याआधी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद. त्याची मर्यादा दोन प्रकारची: राज्याबाहेर ५०,००० रुपयांच्या वर, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १,००,००० च्या वर. पंधरा रुपये किलोचं पाच टन प्लॅस्टिक राज्यात नेलं तर ७५,००० होतात, ई-वे बिल नको. तेच वापीला नेलं तर हवं. हातगाडीवरून नेलेल्या मालाला ई-वे बिल लागत नाही, कारण तिला इंजिन नसतं. कायद्यात भंगारवाल्याच्या हातगाडीची अशी आठवण ठेवलेली पाहून मला दर वेळी बरं वाटतं.

ई-वे बिल कुणी काढायचं? माल पाठवणारा नोंदणीकृत असेल तर त्याने. पण आपल्याकडे साखळीच्या तळाशी कबाडी असतो, त्याच्याकडे जीएसटी नंबर नसतो. बिगरनोंदणीच्या माणसाने नोंदणीकृत कारखान्याला माल पाठवला, तर तो माल कारखान्यानेच हलवला असं धरतात आणि ई-वे बिल कारखान्याने काढायचं असतं. धातूच्या भंगाराच्या बाबतीत १० ऑक्टोबर २०२४ पासून कराचा बोजाही तसाच फिरलाय: बिगरनोंदणीवाल्याकडून धातू भंगार घेतलं तर कर घेणाऱ्याने भरायचा. दोन्ही बाजू नोंदणीकृत असतील तर घेणारा २ टक्के टीडीएस कापतो. ट्रान्सपोर्टवाल्याचा त्यात हिशेबाचा संबंध नाही, पण बिलावर काय असायला हवं हे त्याला कळलं पाहिजे. कारण बिल चुकीचं असलं तरी रस्त्यावर उभी राहते ती गाडी.

बिलावर एचएसएन, म्हणजे जीएसटीतला मालाचा ठरलेला क्रमांक, नीट टाकून घ्या. लोखंड ७२०४, तांबं ७४०४, ॲल्युमिनियम ७६०२, प्लॅस्टिक ३९१५, रद्दी-पुठ्ठा ४७०७, काच ७००१. ‘मिक्स स्क्रॅप’ असं एकच लिहून सगळं ७२०४ खाली ढकलायची खोड अनेकांना असते. गाडी उघडल्यावर लोखंडाखाली तांबं निघालं की अधिकारी ते ‘चूक’ मानत नाही, ‘लपवलं’ मानतो.

मुदत: दर २०० किलोमीटरला एक दिवस. भोसरी ते जालना साधारण ३०० किलोमीटर, म्हणजे दोन दिवस. पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो, त्यामुळे गणित वाटतं तितकं घट्ट नाही. पण भंगाराची गाडी कारखान्याबाहेर रांगेत दोन-दोन दिवस उभी राहते. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते. ड्रायव्हरला सांगा, गेटवर थांबायला लागलं की लगेच फोन कर. आणि गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत भरला तर ई-वे बिलाच्या भाग ‘ब’मध्ये नव्या गाडीचा नंबर टाकल्याशिवाय चाक हलवू नका.

हे सगळं कशासाठी, तर माल आणि गाडी अडवायच्या जीएसटी कायद्यातल्या कलम १२९ साठी. समजा सहा लाखांचं लोखंड आहे. १८ टक्क्यांनी कर होतो १,०८,०००. ई-वे बिल नसेल तर मालकाने पुढे येऊन सोडवायला कराच्या दुप्पट, म्हणजे २,१६,००० रुपये. त्या खेपेचं भाडं याच्या जवळपासही नसतं.

चूक लहान असेल तर मात्र घाबरू नका. एकदा माझ्याच हातून गाडीच्या नंबरात ३ चा ८ झाला होता. अधिकाऱ्याने गाडी बाजूला घेतली, मी जीएसटीचं १४ सप्टेंबर २०१८ चं परिपत्रक मोबाइलवर पाठवलं. नंबरातला एखाद-दुसरा आकडा, पिनकोड, स्पेलिंग, कागदाच्या क्रमांकातला आकडा, अशा चुकांना केंद्र नि राज्य मिळून हजार रुपयांचा दंड आहे, माल अडवायचा नाही. तासाभरात गाडी सुटली. ते परिपत्रक आजही आमच्या प्रत्येक ड्रायव्हरच्या फोनमध्ये आहे.

बिल्टी, म्हणजे माल स्वीकारल्याची पावती, २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्याप्रमाणे द्यावीच लागते. तिच्यावर माल, वजन, कोण पाठवतंय, कोणाला, भाडं कोण देणार हे स्पष्ट लिहा. शेवटची काटा पावती: रिकाम्या गाडीची आणि भरलेल्या गाडीची, दोन्ही. बिलावरचं वजन आणि काट्याचं वजन यांत फरक पडला की सगळे कागद खोटे वाटायला लागतात.

घनकचरा किंवा आरडीएफ असेल तर यातलं बिल नसतं. त्याऐवजी महापालिकेचा कार्यादेश, डिलिव्हरी चलान, निघतानाची काटा पावती आणि घेणाऱ्या कारखान्याचं माल घेत असल्याचं पत्र. गोव्यातल्या साळगावच्या प्रकल्पातून निघणारा जळाऊ कचरा कर्नाटकातल्या सिमेंट भट्ट्यांकडे जातो, अशा खेपेत हे पत्रच कामाला येतं. “हा कचरा आमच्या राज्यात कुठे टाकणार?” हा सीमेवरचा पहिला प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर कागदावर हवं.

न्हावा शेवाला उतरलेलं परदेशी भंगार कस्टममधून सुटलं की बिल ऑफ एंट्रीच्या, म्हणजे आयातीच्या कस्टम कागदाच्या, आधारे ई-वे बिल निघतं. कस्टम सुटण्याआधी बंदरातून आतल्या डेपोपर्यंत नेताना ते लागत नाही.

६. घातक माल असेल तर

पाठवणाऱ्याकडे प्रदूषण मंडळाची अधिकृतता आहे का, घेणाऱ्याकडे आहे का, आणि वाहतुकीचा त्यात समावेश आहे का, हे तिन्ही आधी पाहा. माल दुसऱ्या राज्यात कायमची विल्हेवाट लावायला चालला असेल तर दोन्ही राज्यांच्या मंडळांची ना-हरकत लागते. पुनर्वापरासाठी किंवा सिमेंट भट्टीत जाळण्यासाठी चालला असेल तर दोन्ही मंडळांना आधी कळवावं लागतं. वाटेत तिसरं राज्य लागत असेल तर त्यालाही.

गाडीसोबत फॉर्म १० चं मॅनिफेस्ट, म्हणजे घातक मालाचं चलान, असतं, सात प्रतींचं. रंगांनी ओळखा. पांढरी प्रत पाठवणारा मंडळाला देतो. पिवळी ड्रायव्हरची सही घेऊन पाठवणाराच ठेवतो. उरलेल्या पाच गाडीसोबत जातात: गुलाबी माल घेणाऱ्याची, नारिंगी माल उतरल्यावर तुमची, हिरवी घेणारा मंडळाला पाठवतो, निळी पाठवणाऱ्याकडे परत, आणि करडी पाठवणाऱ्याचं राज्य वेगळं असेल तर तिथल्या मंडळाला. नारिंगी प्रत न घेता निघालेला ड्रायव्हर म्हणजे पुरावा टाकून आलेला ड्रायव्हर. उद्या तो माल नाल्यात सापडला तर तुम्ही तो पोचवला हे कशाने दाखवणार?

फॉर्म ८ चं लेबल: चमकत्या पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत ‘घातक कचरा, जपून हाताळा’ असं हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत. फॉर्म ९ चं आपत्कालीन कार्ड केबिनमध्ये, ड्रायव्हरला वाचता येईल अशा भाषेत. पाठवणारे बऱ्याचदा इंग्रजीत छापून हातात ठेवतात. आमच्या ड्रायव्हरला ते वाचता येत नव्हतं, म्हणून मी बसून त्याचं हिंदी करून घेतलं. सांडलं तर पाणी मारायचं की माती, एवढं तरी त्याला कळायला हवं.

७. भरताना

लोखंडाच्या गाडीला वजन नडतं, प्लॅस्टिकच्या गाडीला आकार. कायद्यातले दंड मात्र सारखे. आरसीवरच्या वजनापेक्षा जास्त भरलं तर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. तीन टन जास्त म्हणजे २६,०००, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. माल बाजूने, मागून किंवा उंचीने नेमून दिलेल्या मर्यादेबाहेर गेला तरी २०,०००, आणि उतरवणं वेगळं. काट्यावर जायला नकार दिला तर ४०,०००. हायवेवर हमाल मिळत नाहीत, दुसरी गाडी मागवावी लागते, आणि रस्त्याकडेला उतरवलेल्या भंगारावर रात्रभर कोण बसणार? दंडापेक्षा ही रात्र महाग पडते. टर्निंगचा, म्हणजे लेथवरून निघणारा लोखंडी, बुरादा भरताना तर काट्याकडे दोनदा पाहा. तो पावसात भिजलेला असेल तर अंदाज साफ चुकतो, आणि त्यातून तेल टपकत असेल तर निथळवूनच भरा, नाहीतर तो निव्वळ भंगार उरत नाही.

ताडपत्री वरून टाकून चारही बाजूंनी बांधा. मोटार वाहन नियमांच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर उघड्या हौद्यातला माल झाकणं बंधनकारक आहे, आणि घनकचरा झाकूनच न्यायचा हे २०१६ च्या घनकचरा नियमांतही होतं. प्लॅस्टिकच्या सुट्या पिशव्यांच्या गाडीला ताडपत्री पुरत नाही, वरून जाळी हवी. घाटात एक पिशवी मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर उडाली तर पुढे काय होईल, त्याची कल्पना करा आणि गाठ आणखी एकदा आवळा.

८. रस्त्यावर

तीनचाकी टेम्पो मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही, समृद्धीवरही नाही. जुन्या महामार्गाने जा. मोठ्या शहरांत जड गाड्यांच्या वेळा वाहतूक पोलीस ठरवतात, त्या निघण्याआधी विचारून घ्या.

गाडी थांबवली तर गाडीचे कागद मोबाइलवर डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधून दाखवले तरी चालतात. मालाचे कागद मात्र छापील ठेवा. जीएसटीवाल्यांनी तपासणीसाठी थांबवलं तर ड्रायव्हरचा जबाब एमओव्ही-०१ या फॉर्ममध्ये लिहून घेतात. ड्रायव्हरला ताकीद द्या: माहीत आहे तेवढंच सांग, अंदाजाने माल कुणाचा, किंमत किती, हे बोलू नकोस, आणि वाचून घेतल्याशिवाय सही करू नकोस. तपासणीचा गोषवारा अधिकाऱ्याने २४ तासांत ईडब्ल्यूबी-०३ या ऑनलाइन फॉर्ममध्ये चढवायचा असतो. गाडी अर्ध्या तासापेक्षा जास्त अडवली तर ट्रान्सपोर्टवाल्याला ईडब्ल्यूबी-०४ भरून तशी नोंद करता येते. हे फारसं कुणी करत नाही. मी करतो, आणि नोंद होतेय म्हटल्यावर तपासणीचा वेग वाढलेला पाहिलाय. एका राज्यात एकदा प्रत्यक्ष तपासणी झाली की, करचोरीची खास माहिती हाती आल्याशिवाय, त्याच राज्यात त्या खेपेची पुन्हा करत नाहीत. म्हणून पहिल्या तपासणीचा कागद हातात ठेवा.

माल खाली झाल्यावर उतरवल्याची सही-शिक्का, तिथल्या काट्याची पावती आणि घातक माल असेल तर ती नारिंगी प्रत, हे सगळं घेऊन मगच परतीचं भाडं शोधा. शोधताना एक अट: नॅशनल परमिटवर दुसऱ्या राज्यातल्या एका गावात भरून त्याच राज्यातल्या दुसऱ्या गावात उतरवता येत नाही. वापीत रिकामी झालेली गाडी सुरतेचा माल भरून पुण्याला आणू शकते, सुरतेचा बडोद्याला नेऊ शकत नाही. आणि परतीला धान्य किंवा पशुखाद्य मिळालं तर आधी हौदा धुऊन वाळवा. फळ्यांच्या फटीत अडकलेले काचेचे तुकडे पाण्याने निघत नाहीत, ते हाताने, एकेक करून काढावे लागतात.